ख्रिस्ती न्याय, शुद्धिस्थान आणि मिस्सेचे पैसे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२ नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाच्या निमित्ताने आपल्या कोकण आवृत्तीत ख्रिस्ती दफनभूमींतल्या मेणबत्त्यांवर लेख आला. छायाचित्रे सुरेख होती, मजकूर मात्र घसरला. लेखकाच्या म्हणण्यानुसार ख्रिस्ती माणूस वारला की देव त्याच्या पाप-पुण्याचे वजन करतो. पुण्य थोडे कमी भरले तर शुद्धिस्थान नावाच्या तात्पुरत्या नरकात त्याची रवानगी होते आणि नातेवाईक चर्चमध्ये पैसे भरून शिक्षा कमी करून घेतात. ख्रिस्ती नसलेले सगळे थेट नरकात, हेही जाता जाता सांगून टाकले आहे. आम्ही दोघे गावातल्या धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक समाजात) मुलांना धर्मशिक्षण देतो. खरे सांगायचे तर यातल्या अर्ध्या समजुती मुलांच्या आईवडिलांच्याही असतात, त्यामुळे एकट्या लेखकाला बोल लावत नाही.

आधी तराजूचे. काही देवळांत, म्हणजे चर्चमध्ये, संत मायकल या देवदूताच्या हातात तराजू दाखवलेला असतो, त्यावरून हा समज पक्का होतो. पण कॅथलिक शिकवण बेरीज-वजाबाकीची नाही. मरणाच्या क्षणी माणूस देवाच्या कृपेत आहे, की त्याने ते नाते स्वतःहून तोडले आहे, एवढाच प्रश्न असतो. नाते तोडणारे पाप ठरायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे हे करणाऱ्याला पुरते ठाऊक हवे आणि ती त्याने राजीखुशीने केलेली हवी. मजुराची मजुरी बुडवणे ही गंभीर बाब. पण हिशेबात चूक मुकादमाकडून झाली आणि मालकाला त्याची गंधवार्ताच नसेल, तर दुसरी अट गळते आणि मालकाच्या माथी ते पाप येत नाही. चूक कळल्यावरही तो गप्प बसला, तर मात्र तिथून पुढचे सगळे त्याचे. धाकाने, व्यसनाच्या पकडीत किंवा मनाच्या आजारात केलेल्या कृत्यात तिसरी अट लंगडी पडते.

म्हणूनच जन्मभर देवळाची पायरी झिजवलेल्या माणसाने शेवटी थंड डोक्याने खून केला आणि पस्तावा न होता तो मेला, तर आधीची वर्षे शिलकीत धरली जात नाहीत. उलट येशूशेजारी क्रुसावर टांगलेल्या चोराकडे दाखवण्याजोगे एकही पुण्य नव्हते, तरी त्याला त्याच दिवशीचे सुखलोकाचे वचन मिळाले (लूक २३:४३).

मग सत्कृत्ये वाया गेली का? मत्तयाच्या २५व्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे वर्णन आहे. प्रायश्चित्तकाळातल्या (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतल्या) पहिल्या आठवड्याच्या सोमवारी ते दरवर्षी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, वाचले जाते. तिथे सहाच गोष्टी निघतात. भुकेल्याला अन्न दिले का, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला कपडा. आजाऱ्याकडे आणि तुरुंगातल्या माणसाकडे गेलात का. डावीकडे, म्हणजे दोषी म्हणून, उभ्या केलेल्या लोकांवर चोरीचा, व्यभिचाराचा आरोप नाही. त्यांनी काही केलेच नाही, हाच आरोप.

पण ही सहा कामे करून स्वर्ग विकत घेता येतो, असे त्यातून निघत नाही. कॅथलिकांवर हा ठपका नेहमी येतो, म्हणून थोडे खोलात जातो. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने (१५४५ ते १५६३) सहाव्या सत्रात, जानेवारी १५४७ मध्ये, याबद्दल ठराव केला. त्याचे पहिलेच कलम असे की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या देवाच्या कृपेवाचून, निव्वळ आपल्या कर्मांच्या बळावर माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो असे जो म्हणेल तो चर्चबाहेर. त्याच ठरावात पुढे म्हटले आहे की नीतिमान ठरण्याआधीची कुठलीही गोष्ट, मग ती श्रद्धा असो वा कर्म, या कृपेला माणसाला पात्र करत नाही. आरंभ फुकटच होतो, मागणीही आपली नसते. बाळाला बाप्तिस्मा देतात तो याच विचाराने. त्याने अजून काय कमावलेले असते? कृपा मिळाल्यानंतर मात्र माणसाने तिला साथ द्यायची असते, आणि ती साथ म्हणजे वरची सहा कामे. आंब्याचे कलम धरले की नाही हे मोहोरावरून कळते, पण मोहोर सुतळीने बांधून कोणी कलम जगवत नाही.

बाणकोटला १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी आले, पुढे रत्नागिरी-वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन आले. त्यांच्या प्रॉटेस्टंट परंपरेतली मंडळी केवळ श्रद्धेने तारण यावर ठाम आहेत. सत्कृत्य हे तारणाचे फळ, कारण नव्हे, असे ते सांगतात. चारशे वर्षे यावरून डोकी फुटली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत ऑग्सबर्ग इथे कॅथलिक आणि लुथरन चर्चने संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, तर ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील श्रद्धेने, केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, असा तिचा गाभा आहे. मेथडिस्टांनी २००६ मध्ये आणि रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक मंडळाने २०१७ मध्ये तिला साथ दिली. प्रेस्बिटेरियन याच रिफॉर्म्ड कुळातले. तेव्हा 'कॅथलिक कर्मवादी, प्रॉटेस्टंट श्रद्धावादी' ही लेखातली वाटणी आता जुनी झाली. मतभेद उरले आहेत, पण ते इतके ढोबळ नाहीत.

न्याय एक नाही, दोन आहेत, हेही लेखात निसटले. पहिला मरणक्षणीच, एकेकट्याचा. दुसरा जगाच्या शेवटी, सगळ्यांचा, देहासकट पुन्हा उठल्यावर. दुसऱ्या वेळी निकाल फिरत नाही. प्रत्येकाच्या कृत्याचे पुढे कुठवर परिणाम झाले, ते सर्वांसमोर उघड होते. मधल्या काळात आत्मा झोपून राहतो का? या प्रश्नावर खुद्द एका पोपची गफलत झाली होती. बावीसावे जॉन यांनी १३३१ पासून फ्रान्समधल्या आव्हिन्यों इथल्या प्रवचनांत सांगायला सुरुवात केली की पुण्यात्म्यांनाही अंतिम न्यायापर्यंत देवाचे दर्शन होत नाही. गदारोळ झाला, आणि मृत्यूच्या आदल्या दिवशी, डिसेंबर १३३४ मध्ये, त्यांनी ते मत मागे घेतले. १३३६ मध्ये त्यांच्यानंतरचे पोप बारावे बेनेडिक्ट यांनी शिकवण निश्चित केली: शुद्ध आत्म्याला देवाचे दर्शन लगेच, थांबावे लागत नाही. शेवटचा दिवस कोणता, हे विचारू नये. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ सांगितला, हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११. मार्काच्या १३व्या अध्यायात तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही असे लिहिलेले असताना व्हॉट्सअॅपवर फिरणारी तारीख कुणी मनावर का घ्यावी?

आता शुद्धिस्थान. हा तात्पुरता नरक नव्हे, नापासांची फेरपरीक्षाही नव्हे. तिथे जो आहे त्याचा निकाल लागलेला आहे, आणि तो स्वर्गाच्या बाजूने लागलेला आहे. पापाची क्षमा झाली तरी पापाने लावलेली ओढ, वाकडी सवय, दुसऱ्याचे केलेले नुकसान मागे उरते. ते धुतले जाण्याची ही अवस्था. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (३:१५) जो माणूस 'जणू अग्नीतून' वाचतो, त्याच्याकडे चर्च यासाठी बोट दाखवते. तिथे किती वर्षे, किती ऊन, किती ज्वाळा याबद्दल चर्चने काहीही ठरवून दिलेले नाही. ट्रेंटनेच १५६३ मध्ये बिशपांना बजावले की या विषयावरचे अवघड, कुतूहल चाळवणारे प्रश्न सामान्य लोकांपुढे प्रवचनात काढू नका, आणि ज्याला अंधश्रद्धेचा किंवा हलकट कमाईचा वास येतो ते बंद करा.

जुन्या प्रार्थनापुस्तकांत प्रार्थनेखाली '३०० दिवसांची क्षमा' असे छापलेले आढळते. ही क्षमा म्हणजे पापाची माफी नव्हे, माफीनंतर उरलेल्या शिक्षेतली सूट. त्याचा अर्थ शुद्धिस्थानातले ३०० दिवस कमी, असा सर्रास घेतला जातो. मूळ हिशेब वेगळा होता. आरंभीच्या चर्चमध्ये पापी माणसाला जाहीर प्रायश्चित्ताचे ठराविक दिवस लावत. तितक्या दिवसांच्या प्रायश्चित्ताइतके त्या प्रार्थनेचे मोल, असे ते माप होते. पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये हे दिवसांचे आकडेच काढून टाकले. आता क्षमा फक्त दोन प्रकारची, पूर्ण आणि आंशिक. जुनी पुस्तके घरोघरी जपून ठेवलेली आहेत हे चांगलेच, पण त्या आकड्यांवर पेन्सिलीने काट मारायला हरकत नाही.

पैशांचा आरोप हवेतून आलेला नाही, हे मान्य करायला हवे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला रोमच्या संत पीटर मंदिराच्या बांधकामासाठी जर्मनीत क्षमापत्रांवर वर्गणी गोळा झाली, त्यातून मार्टिन लुथर यांचे १५१७ चे ९५ मुद्दे आले. ट्रेंट परिषदेने १५६२ मध्ये वर्गणी गोळा करणाऱ्यांचे ते पदच रद्द केले, आणि १५६७ मध्ये पोप पाचवे पायस यांनी पैशांशी बांधलेल्या सगळ्या क्षमा मोडीत काढल्या. म्हणजे लेखात 'आजही' म्हणून जे लिहिले आहे, ते बंद होऊन साडेचारशेहून जास्त वर्षे झाली.

आज मृतासाठी मिस्सा लावताना जे देतात ते अर्पण असते. चर्चच्या कायद्यात (१९८३ ची संहिता, कलम ९४५ ते ९५८) त्याचे नियम आहेत. रक्कम प्रांतातले बिशप ठरवतात आणि धर्मगुरूला त्याहून जास्त मागता येत नाही. देणाऱ्याने आपण होऊन जास्त दिले तर घेता येते, कमी दिले तरी स्वीकारता येते, आणि गरिबासाठी काही न घेता मिस्सा करावी असे कलम ९४५ च सांगते. दिवसात एकाहून जास्त मिस्सा केल्या तरी नाताळ सोडून एकाच मिस्सेचे अर्पण धर्मगुरूला स्वतःला ठेवता येते. बाकीचे बिशपांनी ठरवलेल्या कामाला जाते. व्यापाराचा नुसता भासही होता कामा नये, असे कलम ९४७ आहे. बिघडते कुठे? आम्ही पाहतो ते असे: एका मिस्सेत दहा-पंधरा नावे वाचली जातात आणि घरच्यांना वाटते ती मिस्सा फक्त आपल्या माणसाची. नावे एकत्र घेतली जाणार असतील तर ते देणाऱ्यांना आधी सांगून त्यांची संमती घ्यावी लागते. कार्यालयात नाव देतानाच 'एकट्याची की एकत्र' हे विचारून घ्यावे म्हणजे नंतर कुजबुज होत नाही. एका मिस्सेने माणूस अमुक इतका वर सरकला, असा हिशेब कोणी सांगितला तर तो ऐकून सोडून द्यावा.

प्रॉटेस्टंट कुटुंबे मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, याचे लेखकाला नवल वाटले. कारण साधे आहे. मृतांसाठी पापार्पण केल्याचा उल्लेख मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, १२व्या अध्यायात आहे, आणि ते पुस्तक प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही. त्यांच्या मते श्रद्धावंत मरताच ख्रिस्तापाशी जातो, मग त्याच्यासाठी मागायचे काय? ते कबरीवर फुले ठेवतात ती आठवणीची आणि आभाराची.

ख्रिस्ती नसलेल्यांचे काय, यावर सगळ्या चर्चचे एकमत नाही आणि ते लपवण्यात अर्थ नाही. प्रॉटेस्टंटांतल्या काही इव्हँजेलिकल मंडळ्या उघड श्रद्धेवाचून तारण नाही असेच शिकवतात. कॅथलिक चर्चची अधिकृत भूमिका मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या २१ नोव्हेंबर १९६४ च्या दस्तऐवजात स्पष्ट आहे: ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्त किंवा त्याचे चर्च ठाऊक झाले नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे वागायला झटतात, त्यांना सार्वकालिक तारण मिळू शकते. मिळेलच अशी हमी नाही. ती बाप्तिस्मा झालेल्या आम्हालाही नाही. चर्च संतांची नावे जाहीर करते, पण अमुक माणूस नरकात आहे असे तिने अधिकृतपणे आजवर कुणाबद्दलही सांगितलेले नाही, येशूला पकडून देणाऱ्या यहूदा इस्कार्योतबद्दलही नाही.

आत्महत्येचे लेखकाने एका ओळीत उरकले आहे, आणि ते सर्वांत जास्त लागणारे आहे. १९१७ च्या संहितेत जाणूनबुजून जीव दिलेल्याला चर्चचा अंत्यविधी नाकारला जाई. १९८३ च्या संहितेतून ती तरतूद गेली. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २२८२ आणि २२८३) तीव्र भीती, मनाचा आजार, छळ यांनी जबाबदारी कमी होते आणि अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये असे लिहिले आहे. वर सांगितलेली तिसरी अट इथे लागू होते. 'त्याला देवळात आणता येणार नाही' असे कोणी भावकीत सांगत असेल, तर ते जुने आहे. थेट फादरना विचारावे.

आता रुग्णालयांतल्या परिचारिकांना आणि शेजाऱ्यांना उपयोगी पडेल असे थोडे. आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार मेलेल्याला देता येत नाही. फादर दिसले की पेशंट घाबरेल म्हणून घरचे शेवटपर्यंत थांबतात, मग फोन जातो, आणि तोवर उशीर झालेला असतो. आमच्या भागात एकेक फादर चार-पाच वाड्या सांभाळतात, पावसात रस्ता कोसळला तर तास-दोन तास सहज जातात. मोठ्या शस्त्रक्रियेआधी, गंभीर आजाराचे निदान होताच, म्हातारपणाने शक्ती खालावली की बोलवावे. प्रकृती आणखी बिघडली तर तो पुन्हा देता येतो. कपाळाला आणि हातांना तेल लावतात, पाच मिनिटांचे काम असते, सलाईन काढावे लागत नाही. बेशुद्ध माणसालाही देता येतो. जीव आहे की गेला अशी शंका असेल तरीही देतात. फादर पोहोचू शकत नसतील, उदाहरणार्थ खोल समुद्रातल्या बोटीवर, तर देवावरच्या प्रेमापोटी केलेला खरा पश्चात्ताप आणि संधी मिळताच कुमसार (फादरांपाशी पापांची कबुली) करण्याचा निश्चय पुरतो.

नवजात बाळ दगावेल असे दिसत असेल आणि आईवडिलांनी विनंती केली, तर बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतो. परिचारिका हिंदू असो वा मुसलमान, चर्च हा विधी ज्या हेतूने करते तो हेतू मनात असला की झाले. साधे पाणी घ्यावे, गुलाबपाणी किंवा सलाईन नको. इन्क्युबेटरमध्ये सुई काढलेल्या सिरिंजने कोमट पाण्याच्या थोड्या धारा पुरतात. पाणी डोक्याच्या त्वचेवरून वाहिले पाहिजे. ओला कापूस टेकवला तर विधी शंकास्पद होतो. पाणी ओततानाच, ओतणाऱ्यानेच म्हणायचे: 'मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते.' एकाने ओतायचे आणि दुसऱ्याने म्हणायचे, हे चालत नाही. 'मी' च्या जागी 'आम्ही' म्हटले तरी तो बाप्तिस्मा ग्राह्य नाही, असा निर्णय ऑगस्ट २०२० मध्ये व्हॅटिकनने दिला आहे. नंतर बाळाचे नाव, वेळ आणि कोणी दिला ते धर्मग्रामाच्या कार्यालयात कळवावे, म्हणजे नोंदवहीत चढते. बाळ जगले तर पुन्हा बाप्तिस्मा नाही, उरलेले विधी तेवढे देवळात होतात. आणि वेळ मिळाला नाही तर? २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मतज्ज्ञ आयोगाच्या अहवालात अशा बाळांच्या तारणाची आशा बाळगायला भक्कम कारणे आहेत असे म्हटले आहे. बाळ कुठेतरी अधांतरी राहते, ही भीती आयांना घालू नये.

देहाबद्दल एवढेच. दहनाला १९६३ पासून परवानगी आहे. राख मात्र समुद्रात सोडू नये, पवित्र जागी ठेवावी, असे २०१६ चे निर्देश आहेत. जांभ्या दगडाच्या गडग्यातल्या लहान दफनभूमीत काही वर्षांनी तीच कबर पुन्हा उघडतात, त्याने पुनरुत्थान अडत नाही. बोटीवरून पडून देह न मिळालेल्या खलाशाची अंत्यविधीची मिस्साही देहावाचून होते.

लेखातल्या मेणबत्त्यांकडे येतो. १ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत दफनभूमीला भक्तिभावाने भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना केली, मनातल्या मनात जरी केली, तरी एका मृतासाठी पूर्ण क्षमा मागता येते. दिवसाला एकच, आणि ती स्वतःसाठी वापरता येत नाही. मेणबत्ती ही त्यातली अट नाही. अटी अशा: आगेमागे साधारण वीस दिवसांत कुमसार (एकदा केलेले सगळ्या दिवसांना चालते), शक्यतो त्याच दिवशी ख्रिस्तशरीर (मिस्सेतली पवित्र भाकर) घेणे, पोपच्या हेतूंसाठी एक 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' आणि एक 'नमो मरीये', आणि लहानशाही पापाची ओढ मनात नसणे. बहुतेकांचे गाडे या शेवटच्या अटीवर अडते. ती पुरी झाली नाही किंवा ख्रिस्तशरीर राहून गेले, तर क्षमा आंशिक होते, फुकट जात नाही. ८ तारखेनंतर दफनभूमीत केलेल्या प्रार्थनेलाही वर्षभर आंशिक क्षमा आहेच. यातल्या कशासाठीही पावती फाडावी लागत नाही.

आपले,
धर्मशिक्षणाचे दोन शिक्षक, सिंधुदुर्ग जिल्हा
(नावे व पत्ता संपादकांकडे)